विश्लेषण : अपघातात मोडलेला चेहरा पुन्हा कसा उभा राहतो?

पावसाळ्यातली संध्याकाळ. मालवण-कसाल रस्त्यावरच्या एका वळणावर दुचाकी घसरते. चालवणारा २४ वर्षांचा तरुण, तारकर्लीत स्कुबा गाइडचं काम करणारा. डोक्यावर हेल्मेट आहे, पण अर्धं; गाल आणि हनुवटी उघडी. डोकं वाचतं, चेहरा रस्त्यावर आपटतो. खालचा जबडा दोन ठिकाणी मोडतो, गालाचं हाड आत दबतं, नाक फुटतं आणि गालावर खोल जखम होते.

हे उदाहरण कल्पित आहे. पण किनाऱ्यावरच्या वाचकाला ते अनोळखी वाटणार नाही. दुचाकीचा अपघात, माडावरून किंवा आंब्यावरून पडणं, रात्री रस्त्यात आडवा आलेला गवा, होडीवर ताणलेला दोर तुटून बसलेला फटका. कारणं वेगळी असतात, घरच्यांचा प्रश्न मात्र एकच असतो : चेहरा पहिल्यासारखा होईल का?

थोडक्यात उत्तर असं : बऱ्याच अंशी होतो, पण एका ऑपरेशनमध्ये होत नाही. पहिला तास, पहिले दोन आठवडे आणि त्यानंतरचं वर्ष-दीड वर्ष, अशा तीन टप्प्यांवर निकाल ठरतो. पहिल्या दोन टप्प्यांत सगळं घर धावपळ करतं. तिसऱ्यात रुग्ण एकटा पडतो आणि केलेल्या कामावर पाणी पडतं ते तिथंच. हे तिन्ही टप्पे समजून घेऊया.

पहिल्या तासात सगळ्यात मोठा धोका कशाचा?

रक्त पाहून घाबरायला होतं, पण जीव जातो तो बहुतेकदा श्वास अडकल्याने. खालचा जबडा पुढच्या बाजूला मोडला की जिभेचा आधार सुटतो आणि जीभ घशात मागे जाते. त्यात रक्त, तुटलेले दात, उलटी. अशा माणसाला उताणं झोपवणं सगळ्यात घातक.

रुग्ण शुद्धीवर असेल आणि तोंडातून रक्त येत असेल, तर त्याला पुढे वाकून बसू द्यावं. रक्त बाहेर पडू द्यावं. शुद्धीवर नसेल तर मान आणि पाठ एका रेषेत धरून कुशीवर वळवावं. चेहऱ्यावर एवढा मार बसला असेल तर मानेलाही इजा असू शकते, हे गृहीत धरूनच हालचाल करायची. हेल्मेट काढावंच लागलं तर दोघांनी काढावं. एकाने मान स्थिर धरावी, दुसऱ्याने हेल्मेट सरकवावं.

जखमेवर स्वच्छ कापड ठेवून दाब द्यावा, मात्र डोळ्यावर दाब देऊ नये. हळद, चुना, चहापावडर जखमेत भरू नये. नंतर ती काढताना डॉक्टरांचा वेळ जातो आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. नाकातून पाण्यासारखा पातळ द्रव येत असेल तर तो मेंदूभोवतीचा द्रव असू शकतो. तिथे कापूस कोंबू नये, रुग्णाला नाक शिंकरू देऊ नये. पाणी, चहा काहीही पाजू नये, कारण लवकरच भूल द्यावी लागण्याची शक्यता असते.

पडलेला दात सापडला तर तोही महत्त्वाचा. मुळाला हात न लावता, न घासता तो दुधात ठेवून सोबत न्यावा. कायमचा दात तासाभरात परत बसवला तर टिकण्याची शक्यता चांगली असते. नाकाचा किंवा कानाचा तुकडा तुटला असेल तर ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. तुकडा थेट बर्फावर ठेवला तर पेशी मरतात.

१०८ वर फोन करावा. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला पोलीस किंवा रुग्णालय त्रास देऊ शकत नाही; मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ अ मध्ये तसं संरक्षण २०१९ च्या दुरुस्तीने दिलं आहे. ‘उगाच पोलिसांच्या भानगडीत कशाला’ म्हणून बघत उभं राहण्याचं कारण उरलेलं नाही.

चेहऱ्याची हाडं नेमकी कशी मोडतात?

चेहऱ्यात १४ हाडं आहेत. त्यांची रचना समजायला कोकणातलं कौलारू घर आठवा. कौलांचं सगळं वजन खांब, तुळया आणि वासे पेलतात. मधल्या भिंती नुसत्या आडोशाच्या असतात. चेहऱ्यातही नाकाच्या दोन्ही कडांनी, गालाच्या हाडातून आणि दाढांच्या मागे असे जाड हाडांचे उभे ‘खांब’ आहेत. कपाळाची कड, डोळ्याखालची कड आणि टाळू या आडव्या ‘तुळया’. मधली जागा हवेच्या पोकळ्यांची, म्हणजे सायनसची. डोळ्याच्या खोबणीचा तळ तर अंड्याच्या कवचासारखा पातळ.

चावताना येणारा जोर हे खांब वर कवटीपर्यंत पोहोचवतात. पण समोरून किंवा बाजूने जबर धडक बसली की ते ठरावीक जागी मोडतात. फ्रान्सचे शल्यचिकित्सक रेने ल फोर यांनी मृतदेहांच्या डोक्यांवर प्रयोग करून चेहऱ्याच्या मधल्या भागाच्या फ्रॅक्चरचे तीन प्रकार १९०१ मध्ये मांडले. पहिल्यात फक्त वरचे दात आणि टाळू सुटतात, दुसऱ्यात नाकासह त्रिकोणी भाग हलतो, तिसऱ्यात सगळा चेहरा कवटीपासून वेगळा होतो. आजही रुग्णाच्या कागदावर ‘ल फोर टू’ असं लिहिलेलं असतं ते यामुळेच.

हाडं मोडताना धडकेची बरीच ऊर्जा शोषून घेतात. गाडीचा पुढचा भाग चेपतो आणि आतली माणसं वाचतात, तसंच काहीसं. पण म्हणून चेहऱ्यावर मार बसलेल्या माणसाचा मेंदू सुरक्षित आहे असं समजायचं नाही. सिटी स्कॅनमध्ये मेंदू, मान आणि चेहरा तिन्ही पाहिले जातात.

ऑपरेशन लगेच का करत नाहीत?

नातेवाईकांना हे हमखास खटकतं. ‘चार दिवस झाले, नुसतं सलाईन लावून ठेवलंय.’ प्रत्यक्षात श्वास, रक्तस्राव, मेंदू आणि डोळा हे धोके आधी निपटावे लागतात. उघड्या जखमा पहिल्या दिवशीच धुऊन शिवतात. हाडांसाठी मात्र सूज उतरण्याची वाट पाहतात. सुजलेल्या चेहऱ्यावर दोन्ही गाल सारखे झाले की नाही हे कळतच नाही. साधारण पहिल्या दोन आठवड्यांत ऑपरेशन व्हावं असा प्रयत्न असतो, कारण त्यानंतर हाडं चुकीच्या जागी जुळायला लागतात.

काही गोष्टी मात्र थांबत नाहीत. डोळ्यामागे रक्त साठून नजर जात असेल तर काही तासांत, कधी त्याहूनही लवकर दाब कमी करावा लागतो. लहान मुलांमध्ये खोबणीच्या तळाची फट मिटून डोळ्याचा स्नायू त्यात अडकतो; वरून इजा किरकोळ दिसते, पण मूल वर पाहू शकत नाही आणि त्याला उलट्या होतात. तेही तातडीचं. गालावरची जखम खोल असेल तर चेहऱ्याची नस आणि लाळेची नळी तुटली आहे का, हे टाके घालण्याआधी पाहावं लागतं. तुटलेल्या नसेचं पुढचं टोक सुमारे तीन दिवस विजेच्या सूक्ष्म झटक्याला प्रतिसाद देतं, म्हणून त्या काळात ते शोधणं सोपं. नंतर ते मांसात हरवतं.

डॉक्टरांना विचारायचाच असा हा प्रश्न : ‘डोळा मिटतो का, ओठ दोन्ही बाजूंना सारखा हलतो का, हे टाके घालण्याआधी पाहिलंत का?’

हाडं जोडतात कशी?

सुतार चौकट बसवताना आधी एक रेषा पक्की धरतो. चेहऱ्याच्या ऑपरेशनमध्ये ती रेषा म्हणजे दात. वरचे आणि खालचे दात अपघाताआधी जसे एकमेकांवर बसत होते तसे आधी बसवतात, तारेने किंवा रबराने तात्पुरते बांधतात आणि मग हाडं जुळवतात. अर्ध्या मिलिमीटरची चूकही रुग्णाला घास चावताना जाणवते.

जुळवलेली हाडं टायटॅनियमच्या छोट्या पट्ट्या आणि स्क्रूने पक्की करतात. पूर्वी जबडा तारांनी चार ते सहा आठवडे पूर्ण बंद ठेवावा लागे. १९७० च्या दशकात फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गचे मॅक्सिम शांपी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जबड्यावरच्या ताणाचा हिशेब मांडला. घास चावताना जबड्याच्या वरच्या कडेला ताण येतो आणि खालच्या कडेला दाब. म्हणजे ताणाच्या रेषेवर पट्टी लावली तर बारीक पट्टीही पुरते. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला तुळईच्या प्रकरणात शिकवतात तेच हे गणित. त्यामुळे आज अनेक रुग्णांचं तोंड लवकर उघडतं. काप बहुतेकदा तोंडाच्या आतून, पापणीच्या कडेला किंवा केसांत घेतात, म्हणजे नवे व्रण दिसत नाहीत. पट्ट्या त्रास देत नसतील तर आयुष्यभर राहिल्या तरी चालतात.

जबड्याचा मोठा तुकडाच नाहीसा झाला असेल तर नवीन हाड आणावं लागतं. पायात नडगीच्या हाडाशेजारी एक बारीक हाड असतं. त्याची वरची आणि खालची टोकं राखून मधला भाग त्याच्या रक्तवाहिन्यांसकट काढता येतो आणि माणूस पुढे चालूही शकतो. हे हाड जबड्याच्या आकारात वळवून, त्याच्या दोन-तीन मिलिमीटरच्या रक्तवाहिन्या मानेतल्या वाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. टाक्याचा धागा केसाहून बारीक. अमेरिकेतले शल्यचिकित्सक डेव्हिड हिडाल्गो यांनी १९८९ मध्ये ही पद्धत जबड्यासाठी मांडली. आता सिटी स्कॅनवरून संगणकावर आधीच कापण्याचे कोन ठरवतात आणि थ्रीडी प्रिंटरवर जबड्याचा नमुना छापून पट्टी त्यावर वाकवून घेतात. ऑपरेशन टेबलावरचा वेळ त्यामुळे वाचतो.

गेलेलं नाक परत येतं का? याचं उत्तर पुण्याने जगाला दिलं, ते कसं?

तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात इंग्रज फौजेत बैलगाडी हाकणारा एक मराठा शेतकरी होता. इंग्रजी नोंदीत त्याचं नाव कावसजी असं आहे. १७९२ मध्ये तो टिपूच्या सैन्याच्या हाती लागला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ विटा बनवणाऱ्या जातीतल्या, म्हणजे बहुधा कुंभार असलेल्या एका माणसाने त्याला नवं नाक बसवलं. मुंबई इलाख्यातल्या थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या इंग्रज डॉक्टरांनी अशी शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिली. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स यांनी कावसजीचं चित्र काढलं आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये हकिगत छापून आली.

पद्धत अशी होती. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या आकाराचा करायचा, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि भोवती रेघ मारायची. तेवढी कातडी सोलायची, पण दोन भुवयांमध्ये एक छोटी पट्टी जोडलेलीच ठेवायची, म्हणजे रक्तपुरवठा चालू राहतो. कातडी अर्धी पिळून खाली आणायची आणि नाकाच्या ताज्या केलेल्या कडांना बसवायची. वर काथाचा लेप लावलेल्या कापडाच्या पट्ट्या. चार दिवसांनी तुपात भिजवलेलं कापड. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे. साधारण पंचविसाव्या दिवशी जोडपट्टी कापायची आणि नाकाचा आकार नीट करायचा.

सुश्रुतसंहितेत गालाच्या कातडीने नाक बनवण्याचं वर्णन आहे. त्यातही माप घ्यायला झाडाचं पान आणि श्वासासाठी नाकात नळ्या आहेत. ही कला वैद्यांच्या पोथ्यांबाहेर काही कुटुंबांच्या हातात टिकून राहिली, कारण नाक कापणं ही त्या काळातली शिक्षाच होती.

लंडनचे शल्यचिकित्सक जोसेफ कार्प्यू यांनी ही हकिगत वाचून मृतदेहांवर सराव केला, १८१४ मध्ये पहिली शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये दोन रुग्णांवर पुस्तक लिहिलं. तिथून ‘भारतीय पद्धत’ युरोपभर गेली. आज गेलेलं नाक बनवताना जगभरचे सर्जन कपाळाचीच कातडी वापरतात आणि जोडपट्टी साधारण तीन आठवड्यांनी कापतात. आत आधाराला बरगडीची किंवा कानाची कूर्चा घालतात आणि भूल असते, हा फरक. मूळ युक्ती तीच.

पहिल्या महायुद्धात मूळचे न्यूझीलंडचे डॉ. हॅरॉल्ड गिलीज यांनी इंग्लंडमधल्या सिडकप इथे १९१७ पासून पाच हजारांहून अधिक जखमी सैनिकांचे चेहरे उभे केले आणि आधुनिक प्लास्टिक सर्जरी घडली. महाराष्ट्रात स्वातंत्र्यानंतर नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी या शाखेचा पाया घातला. फाटलेल्या टाळूच्या वर्गीकरणाला आजही ‘नागपूर वर्गीकरण’ म्हणतात.

कावसजीच्या हकिगतीत एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. कातडी बसवण्याचं काम एका दिवसाचं, पण हकिगत पंचवीस दिवसांची आहे. दहाव्या दिवसाचे बोळे घातले नसते तर नाक दिसलं असतं, पण श्वास घेता आला नसता. आपल्या तरुणासाठी आजचे ‘दहाव्या दिवसाचे बोळे’ कोणते, ते आता पाहू.

डिस्चार्जनंतर काय काय करावं लागतं?

तोंड उघडणं : मोठ्या माणसाचं तोंड साधारण ३५ ते ४५ मिलिमीटर उघडतं, म्हणजे स्वतःची तीन बोटं उभी आत जातात. जबड्याच्या फ्रॅक्चरनंतर स्नायू आणि सांधा आखडतो. डॉक्टरांनी परवानगी दिली की दिवसातून अनेकदा व्यायाम करायचा. लाकडी चपट्या पट्ट्यांचा गठ्ठा दातांत धरून दर काही दिवसांनी एक पट्टी वाढवतात. दुखतं, कंटाळा येतो आणि इथंच लोक सोडून देतात. सहा महिन्यांनी एकच बोट जात असेल तर पुन्हा ऑपरेशनची वेळ येते.

जेवण : जबडा बांधलेला असेल तर सगळं पातळ. मालवणी घरात पेज आहेच, पण नुसत्या पेजेवर हाडं जुळत नाहीत. प्रथिनं हवीत. नाचणीची आंबील दुधातून, मिक्सरमधून काढलेली घट्ट डाळ, काटे काढून वाटलेला मासा, अंडं, दही. तिखट आणि फार आंबट पहिले काही आठवडे नको. दर जेवणानंतर तोंड स्वच्छ धुणं औषधाइतकंच महत्त्वाचं. तारांनी जबडा बंद असेल तर तार कापायची छोटी कात्री सतत जवळ हवी आणि घरातल्या दोघांना तरी ती वापरायची माहिती हवी. उलटी झाली तर तीच जीव वाचवते. अशा रुग्णाने होडीत किंवा घाटात प्रवास टाळलेला बरा.

तंबाखू, मिश्री, सिगारेट : पूर्ण बंद. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि बसवलेली कातडी काळी पडू शकते.

नस : जोडलेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. गालापासून ओठापर्यंत हालचाल परत यायला महिने लागतात. तोपर्यंत आरशासमोर बसून फिजिओथेरपिस्टने शिकवलेले हळू, नेमके व्यायाम. डोळा मिटत नसेल तर दिवसा थेंब, रात्री मलम आणि पट्टी. नाहीतर बुबुळ कोरडं पडून नजर जाऊ शकते.

व्रण : लाल, उंचवट्याचा व्रण शांत व्हायला वर्ष ते दीड वर्ष लागतं. त्याआधी ‘व्रण काढून टाका’ म्हणून घाई करण्यात अर्थ नाही. जखम पूर्ण भरल्यावर मालिश आणि सिलिकॉनची पट्टी किंवा जेल. ऊन लागलं की व्रण काळा पडतो, म्हणून रापणीवर किंवा होडीवर जाणाऱ्याने रुंद टोपी आणि सनस्क्रीन लावणं हे नखरे नाहीत, उपचाराचाच भाग आहे.

सायनस : गालाचं हाड मोडलेल्याने काही आठवडे नाक शिंकरायचं नाही, हवा डोळ्याभोवती शिरते. आपल्या स्कुबा गाइडला याची दुहेरी अडचण. पाण्याखाली सायनसवर दाब येतो आणि मास्कही गालावर दाबून बसतो. सर्जनने स्पष्ट परवानगी देईपर्यंत पाण्याखाली उतरायचं नाही. याचा अर्थ पर्यटनाचा एक हंगाम हातचा जाऊ शकतो.

दात आणि कृत्रिम अवयव : गेलेले दात शेवटी बसवतात, हाड भरल्यावर. नाक, कान किंवा डोळा ऑपरेशनने बनवता येत नसेल तर त्वचेच्या रंगाशी जुळणारा सिलिकॉनचा अवयव बनवतात. तो चिकटवतात किंवा हाडात बसवलेल्या टायटॅनियमच्या खुंट्यांवर अडकवतात. दंत महाविद्यालयांमधले कृत्रिम दंतशास्त्र विभाग हे काम करतात. काही वर्षांनी तो बदलावा लागतो.

चेहरा प्रत्यारोपणाचं काय?

फ्रान्समधल्या आमियाँ इथे नोव्हेंबर २००५ मध्ये इझाबेल दिनोआर यांच्यावर जगातलं पहिलं आंशिक चेहरा प्रत्यारोपण झालं. पण त्यानंतर आयुष्यभर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात आणि त्यांचे धोके मोठे आहेत. दिनोआर यांचं २०१६ मध्ये निधन झालं. जिथे दुसरा कुठलाही उपाय उरलेला नाही अशा मोजक्या रुग्णांसाठीच हा मार्ग आहे. आपल्या उदाहरणातल्या तरुणाला त्याची गरज नाही.

सिंधुदुर्गातल्या रुग्णाची अडचण नेमकी कुठे?

अंतरात. ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. जीव सावरण्याचं काम तिथे होतं. पण अनेक विभागांचे सर्जन एकत्र लागणाऱ्या मोठ्या शस्त्रक्रियेसाठी जिल्ह्यातला रुग्ण बांबोळी, कोल्हापूर, बेळगाव किंवा मुंबईकडे जातो. मालवणहून बांबोळी शंभर किलोमीटरहून जास्त. ऑपरेशनसाठी गाडी करून माणूस जातो, पण नंतरच्या दहा-बारा फेऱ्यांचं काय? प्रत्येक फेरीला त्याची मजुरी बुडते, सोबत येणाऱ्याचीही बुडते. चेहरा ‘बरा दिसतोय’ म्हटल्यावर चौथ्या फेरीपासून तारखा चुकायला लागतात.

यावर काही उपाय हाताशी आहेत. डिस्चार्ज घेतानाच विचारा : कुठल्या तपासणीला इथेच यायला हवं आणि कुठली जवळच्या दंतवैद्याकडे, फिजिओथेरपिस्टकडे किंवा उपजिल्हा रुग्णालयात चालेल? व्यायामाचा कागद लिहून घ्या. तोंड किती मिलिमीटर उघडतं हे दर आठवड्याला मोजून, फोटोसह डॉक्टरांना पाठवता येईल का ते विचारा. सिटी स्कॅनची सीडी आणि ऑपरेशनच्या नोंदी जपून ठेवा. नव्या डॉक्टरांना एक्स-रेपेक्षा त्यांचाच उपयोग जास्त.

खर्च कोण देतं?

रस्ते अपघातासाठी केंद्र सरकारची कॅशलेस उपचार योजना मे २०२५ पासून लागू आहे. तिच्यात नेमून दिलेल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत प्रत्येक जखमीमागे दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार मोफत मिळतो. त्यासाठी अपघाताची पोलिसांकडे नोंद हवी. राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, हेल्पलाइन १५५३८८. राज्य बदललं की नियम बदलतात, म्हणून भरती होतानाच योजनेच्या खिडकीवर चौकशी करा. पुढच्या टप्प्यांची ऑपरेशनं योजनेत बसतात का, हेही त्याच वेळी विचारा.

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे भरपाई मागताना झालेल्या खर्चाबरोबर चेहऱ्याची विद्रूपता, पुढचा उपचार आणि बुडालेली कमाई हेही मांडता येतं. कायद्यात दाव्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. म्हणून पहिल्या दिवसापासूनचे फोटो, बिलं आणि प्रवासखर्चाच्या पावत्या एका फाइलमध्ये ठेवा.

लोकांच्या नजरेचं काय करायचं?

हात मोडलेल्या माणसाला लोक ‘कसं वाटतंय’ विचारतात. चेहरा मोडलेल्याकडे टक लावून पाहतात किंवा नजर चुकवतात, दोन्ही लागतं. आरसा टाळणं, बाजारात न जाणं, झोप उडणं, अपघात पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणं, ही कमजोरी नव्हे. त्यावर उपचार आहेत. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं.

सिडकपमध्ये रुग्णालयाकडून गावात जाणाऱ्या रस्त्यावरची काही बाकं निळी रंगवली होती. तिथे जखमी सैनिक बसलेला असेल हे गावकऱ्यांना आधीच कळावं, म्हणजे कोणी दचकू नये, असा हेतू. हेतू चांगला, पण त्या बाकांनी सैनिकांना वेगळं काढलं हेही खरं. मालवणात आपल्याला निळं बाक नको. दुकानात, शाळेत, गजालीच्या कट्ट्यावर त्याची जुनी जागा त्याला परत मिळायला हवी. बोलताना डोळ्यांत पाहावं, शब्द अस्पष्ट आले तर वाक्य त्यालाच पुरं करू द्यावं आणि ‘बापरे, काय झालं हे’ हे वाक्य गिळावं.

काम परत मिळणं हाही उपचारच. कावसजीबद्दलच्या त्याच नोंदीत आणखी एक ओळ आहे, ती सहसा कोणी सांगत नाही : त्याला ईस्ट इंडिया कंपनीकडून निवृत्तिवेतन मिळत होतं. नाक मिळालं, पण बैलगाडी हाकायला एक हात नव्हता. पोटाची सोय वेगळी करावी लागली. आपल्या स्कुबा गाइडला हंगामभर पाण्यात उतरता येणार नसेल, तर बोटीवरचं, किनाऱ्यावरचं, बुकिंगचं काम त्याला देणारा मालक सर्जनइतकाच उपयोगी पडतो.

हे सगळं टाळता आलं असतं का?

बरंचसं. दुचाकी चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं आहे. पण अर्धं हेल्मेट कवटी वाचवतं, जबडा नाही. हनुवटी झाकणारं, आयएसआय खुणेचं आणि पट्टा लावलेलं हेल्मेट हवं. पट्टा न लावलेलं हेल्मेट पहिल्या आपटीतच उडून जातं.

आणि अपघात झालाच असेल, ऑपरेशन होऊन माणूस घरी आला असेल, तर डिस्चार्ज कार्ड काढून पुढची तारीख पाहा. चुकली असेल तर उद्या फोन करा. सहा महिने उशीर झाला तरी बरंच काही सुधारता येतं. फक्त जायला हवं.